भट्टीकाकांचं प्रामाणिक मशीन

भट्टीकाकांना राग यायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच, तर मात्र ते त्याचं सोनं करत. बस उशिरा आली की सगळेच चिडतात. भट्टीकाका बस वेळेवर आली तरी चिडत आणि ड्रायव्हरला विचारत, "काय रे, आज बरं नाही का तुला?"

हे नाव त्यांना पडलं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तिथे ते पोरवयात कामाला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या उस्तादाने सांगून टाकलं, "सोल्डरिंगची कांडी तापवायला वीज कशाला हवी, ह्याच्या कपाळाला टेकवा." एकदा एक बाई रेडिओ घेऊन आली. म्हणाली, "हल्ली बातम्या फार वाईट येतात हो, जरा बघता का?" भट्टीकाकांनी रेडिओ उघडला, लावला, बातम्या ऐकल्या आणि त्या बातम्यांवर असे काही भडकले की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. दुरुस्ती काहीच झाली नाही. पण बाई म्हणाली, "आता बरं वाटलं," आणि समाधानाने रेडिओ घेऊन घरी गेली.

त्याच दुकानात एक दिवस हातगाडीवरून व्हिडिओ गेमचं एक बंद पडलेलं मशीन आलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, पुढे काच, काचेखाली दांडा, बटणं आणि नाणं टाकायची फट. उस्ताद म्हणाला, हे आपलं काम नव्हे. भट्टीकाकांनी मागची फळी काढली, आतली हिरवी पाटी बाहेर ओढली, तिच्या कडेचे पितळी दात खोडरबराने घासून लख्ख केले आणि पुन्हा बसवली. काचेमागे एक इवला माणूस उभा राहिला आणि चालायला लागला. भट्टीकाकांच्या आयुष्यात न चिडता गेलेली दुपार ती एवढीच.

पुढे त्यांनी लोकांनी टाकून दिलेली मशीनं गोळा केली, दुरुस्त केली आणि बस थांब्यामागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या शेजारी, एका तळघरात दुकान मांडलं. पायऱ्या उतरताना डोकं सांभाळावं लागे. आत गरम धुळीचा वास, काचांचा निळा उजेड आणि एकाच वेळी सगळ्या मशीनचा कलकलाट. त्या कलकलाटावर आवाज चढवूनच भट्टीकाकांचा घसा असा कमावला गेला, असं काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगत. "आधीही होताच," असंही पुढे जोडत.

आता ते दिवस गेले. मोजकी मशीनं उरली आहेत. रविवारी टक्कल पडलेली, पोट सुटलेली जुनी गिऱ्हाइकं येतात, दांडा हातात धरतात आणि थोडा वेळ बारा वर्षांची होतात. बाकी दिवस भट्टीकाका मशीनं पुसतात आणि हल्लीच्या गेमना शिव्या घालतात.

त्या शिव्या ऐकण्यासारख्या असत. "खेळ म्हणजे काय?" ते सुरू करत. समोर कोण आहे याला महत्त्व नसे. वीजमीटर बघायला आलेला माणूसही चाले. "खेळाला शेवट पाहिजे! आमच्या खेळात तू मरायचास. मेलास की मेलास. घरी जायचास, जेवायचास, झोपायचास. आता मरूच देत नाहीत! घरी बोलावणं धाडतात, परत या, तुमची गाय उपाशी आहे! अरे, कुठली गाय? काचेतली गाय! तिला चारा घालायला माणूस ताटावरून उठतो! आणि खेळतो कोण कुणाबरोबर? कानात बोळे कोंबून एकटाच कोपऱ्यात. इथे मागे रांग उभी असायची. कुणी हरला की सगळे हसायचे, कुणी जिंकला की सगळे ओरडायचे. त्याला खेळ म्हणतात. हे सगळं मुद्दाम बनवतात, माणूस अडकावा म्हणून. बसलेत तिकडे ऑफिसात, गार हवेत, आणि ठरवतायत कुणाला कुठे अडकवायचं!"

इथे ते एकदम थांबत. कारण अशाच एका ऑफिसात, अशाच गार हवेत, त्यांची एकुलती एक लेक बसत होती.

लेकीला घरात चिंगी म्हणत. शिकली, हुशार निघाली आणि फोनवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिचं काम काय, तर गेमची कुठली पायरी किती अवघड ठेवायची ते बघणं. हे कळलं त्या दिवशी भट्टीकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती परत खाली उतरलीच नाही. चिंगी दर रविवारी दुकानात यायची आणि दर रविवारी तेच व्हायचं. "सोड ती नोकरी!" "बाबा, नका ना सुरू करू." "माणसाला हरवायचा पगार घेतेस!" "तुम्ही काय जिंकवायचा घेत होतात?" मग दोघं तोंड फिरवून बसत आणि काकू मधे बसून फोनवर गेम खेळत.

हो, काकू खेळत. आणि चिंगीच्याच कंपनीचा खेळत, तो शेताचा, गाईचा. नवऱ्याच्या देखत, शांतपणे, चष्मा नाकावर ओढून.

भट्टीकाकांकडे ह्या सगळ्यावर एकच उत्तर होतं. ते हात लांब करून कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवत. त्या मशीनला सगळे 'पूल' म्हणत. एक शिपाई, एक लाकडी पूल, पुलावर एक राक्षस. राक्षस गदा फिरवतो, शिपायाने वाकायचं, उडी मारायची आणि पलीकडे जायचं. एवढंच. पण गेल्या कित्येक वर्षांत पुलापलीकडे कुणी गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "ते मशीन प्रामाणिक आहे," भट्टीकाका म्हणत. "सगळ्यांना सारखं. खोटं बोलत नाही. हरलात तर चूक तुमची. शोधा ती चूक."

चिंगी लहान होती तेव्हा ते तिला स्टुलावर उभं करत आणि हेच सांगत. शाळा सुटली की ती थेट तळघरात यायची. गदा बसून शिपाई नदीत पडला की तिचे डोळे भरायचे. भट्टीकाका म्हणायचे, "रडू नकोस. मशीन खोटं बोलत नाही. तुझंच काहीतरी चुकतंय." ती डोळे पुसायची आणि पुन्हा दांडा धरायची.

तर त्या रविवारी झालं असं. 'पूल'च्या मागच्या फळीला वाळवी लागली होती म्हणून भट्टीकाकांनी सुताराला बोलावलं होतं. हा सुतार जुनं गिऱ्हाईक. त्याचं अर्धं बालपण ह्याच मशीनपुढे गेलेलं. अजूनही अभिमानाने सांगायचा, "मी एकदा पुलाच्या मध्यापर्यंत गेलो होतो. लग्न ठरलं तेव्हा बायकोलाही सांगितलं होतं." बायको काय म्हणाली ते मात्र सांगत नसे.

सुतार मशीनच्या मागे मांडी घालून फळी उचकटत होता. काकू डबा घेऊन आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. तेवढ्यात चिंगी पायऱ्या उतरून आली. पर्स ठेवली नाही, बसली नाही.

"बाबा, मी नोकरी सोडतेय."

भट्टीकाकांनी "सोड" म्हणायला तोंड उघडलंच होतं, ते तसंच राहिलं. "काय म्हणालीस?"

"साहेबांनी परवा बोलावून घेतलं. शेताच्या गेममध्ये एक पायरी आहे, तिथे बरेच लोक अडतात. आम्हाला वाटलं, सोपी करायला सांगतील. ते म्हणाले, अजून आवळा. माणूस अडला की पैसे भरून पुढे जातो. हे काम माझ्याकडे दिलंय." तिचा आवाज चढला. "मला इतका राग आला बाबा, की मी तिथेच बोलणार होते. मग म्हटलं, आधी घरी सांगावं. दर रविवारी तुमच्याशी भांडते, पण मनात कायम असतं, की माझ्या बापाने जन्मभर गेमचं दुकान चालवलं आणि कुणाला फसवलं नाही. त्यांना जमलं, तर मला का नाही जमणार? उद्या जाऊन सांगते साहेबांना."

भट्टीकाकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. इतक्या वर्षांचा घसा फळाला आला होता. "ऐकलंस का गं?" ते काकूंवर ओरडले. आनंदही त्यांना ओरडूनच व्हायचा. "ऐकलंस? मी काय सांगत होतो? जुना खेळ तो जुना खेळ! आम्ही माणसाला—"

"काका," मशीनच्या मागून सुतार म्हणाला, "हे पांढरे दात कसले हो?"

"कुठले दात?"

"आत. हिरव्या पाटीवर. ओळीने इवले इवले खटके आहेत."

"हां, ते! हात लावू नकोस." आणि भट्टीकाका खुशीत होते, धंद्याची गोष्ट निघाली होती, म्हणून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. "त्याने खेळ सोपा-अवघड होतो. शाळांना सुट्टी लागली की पोरांची ही झुंबड! एकेक पोरगा चिकटला की हलायचं नाव नाही, मागे रांग थेट इस्त्रीवाल्यापर्यंत. मग काय करायचं, सकाळी दुकान उघडायच्या आधी मशीन बंद असतानाच आगकाडीच्या टोकाने त्यातला पहिला खटका वर ढकलायचा. राक्षस पिसाळतो, पोरं पटापट मरतात, रांग सरकते. गल्लाही वाजतो. सुट्टी संपली की खटका खाली. सगळे दुकानवाले करायचे. त्यात काय मोठंसं?"

चुलीची आच कमी-जास्त केली असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

सुतार आत डोकं घालून बघत होता. "पण काका, आता कुठे सुट्टी आहे?"

"नाहीच. म्हणून तर खटका खाली आहे."

"वर आहे, काका."

"खाली आहे रे!"

"या नि बघा."

भट्टीकाका गुडघे टेकून मशीनच्या मागे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. पहिला खटका वर होता. त्याच्याभोवती धूळ अशी बसली होती की खटका, पाटी आणि धूळ सगळं मिळून एकच वस्तू वाटत होती. त्याला आगकाडी लागून जमाना झाला असावा.

मग त्यांना आठवलं. एका वर्षी सुट्टीच्या शेवटी गल्लीतला पाण्याचा मोठा पाइप फुटला होता आणि तळघरात गुडघाभर पाणी भरलं होतं. मशीनं उचला, वाळवा, पुसा, ह्या धांदलीत खटका खाली करायचा राहिला. पुढच्या सुट्ट्यांत तशी झुंबड पुन्हा झालीच नाही, म्हणून मागची फळी उघडायची वेळही आली नाही. चिंगी तेव्हा अजून शाळेतही जात नव्हती. म्हणजे तेव्हापासून ते आजपर्यंत राक्षस पिसाळलेलाच होता.

आणि खरी गंमत, किंवा खरा संताप म्हणा, तो पुढेच. भट्टीकाका स्वतः रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी 'पूल' खेळत. रोज नदीत पडत. आणि रोज आपल्या बोटांकडे बघून म्हणत, "हात गेले आता. पूर्वीसारखं राहिलं नाही." स्वतःच ढकललेल्या खटक्याने त्यांना जन्मभर पाडलं होतं, आणि ते वयाला दोष देत बसले होते.

"म्हणजे मी मध्यापर्यंत गेलो ते ह्या असल्यात गेलो!" सुतार आतून म्हणाला. मग त्याच्या लक्षात दुसरी बाजू आली. "म्हणजे माझे सगळे खाऊचे पैसे... काका, अहो!"

"गप्प बस तू!" भट्टीकाका खेकसले.

"त्यांना नका गप्प करू," चिंगी म्हणाली. तिचा आवाज इतका खालचा होता की काकूंनीही मान वर केली. "बाबा, मला स्टुलावर उभं करून तुम्ही काय सांगायचात?"

"आता ते कशाला..."

"सांगा ना. ह्यांनाही ऐकू दे."

भट्टीकाकांनी फळीकडे बघत पुटपुटल्यासारखं केलं, "मशीन खोटं बोलत नाही."

"आणि?"

"विसरलो गं मी! पाणी भरलं होतं! मुद्दाम नाही ठेवला!"

"आणि, तुझंच काहीतरी चुकतंय!" आता चिंगीचा आवाज फुटला, आणि तो हुबेहूब बापाचा होता. "रोज सांगितलंत! मी शोधत राहिले ना ती चूक! अजून शोधतेय! ऑफिसात काही बिघडलं की सगळ्यांच्या आधी मी म्हणते, माझं चुकलं असेल. का? तर मशीन प्रामाणिक, बाप प्रामाणिक, मग उरलं कोण? विसरलात ते एक वेळ जाऊ दे. पण पहिल्यांदा वर ढकललात तेव्हा तर आठवत होतं? आमचे साहेब आकडे बघून ढकलतात, तुम्ही रांग बघून ढकललात. आणि वर दर रविवारी मला ऐकवलंत!"

भट्टीकाकांना कुणी कधी असं फैलावर घेतलं नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाला बसायला जागाच सापडेना. साहेबावर काढावा, तर तो इथे नव्हता. लेकीवर काढावा, तर ती खरं बोलत होती. स्वतःवर राग काढायची त्यांना सवय नव्हती. ते लालबुंद होऊन एकदम ओरडले, "मग सोडू नकोस नोकरी!"

"काय?"

"सोडू नकोस म्हणतो! माझ्या जोरावर सोडणार होतीस ना? तो जोर खोटा निघाला. मग कशाला सोडतेस? काही गरज नाही!"

"मी सोडणार!"

"खबरदार सोडलीस तर!"

"आजपर्यंत सोड, सोड म्हणून जीव खाल्लात!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं!"

"अहो," काकू खुर्चीतून म्हणाल्या, "आधी ठरवून घ्या दोघांनी, कुणी कुठल्या बाजूने ओरडायचं ते. ऐकणाऱ्याला कळत नाही." मग फोन मांडीवर ठेवून त्यांनी चिंगीकडे पाहिलं. "आणि तू मघाशी काय म्हणालीस गं? लोक कुठे अडतात?"

"विहिरीपाशी," चिंगी चिडूनच म्हणाली. "कोरडी विहीर भरायची असते, तिथे."

काकूंनी फोन उचलून तिच्यासमोर धरला. काचेवर एक कोरडी विहीर होती आणि तिच्याकाठी एक गाय मान खाली घालून उभी होती.

"मी इथेच आहे," काकू म्हणाल्या. "बरेच दिवस. स्वयंपाक करता करता विचार करते, काय चुकत असेल. ह्यांना विचारायची सोय नाही, तुला विचारावं तर तू कामात. मला वाटलं, आपलंच डोकं आता चालेनासं झालं. शेजारीण कधीच पुढे गेली."

चिंगीने फोनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई, शेजारणीची विहीर वेगळी असते. तिची सोपी आहे. प्रत्येकाची वेगळी ठेवतो आम्ही. कोण किती वेळ टिकेल ते बघून." शेवटचे शब्द ती गिळल्यासारखे बोलली. "तू रोज खेळतेस ना, म्हणून तुझी आवळलेली आहे."

आता काकूंचा स्वभाव असा, की घरावरून वादळ गेलं तरी त्या भांडी पालथी घालून ठेवतील. भट्टीकाकांच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या उभ्या राहिल्या.

"म्हणजे हा," नवऱ्याकडे बोट, "आगकाडीने पोरं मारतो, आणि तू," लेकीकडे बोट, "गार हवेत बसून मला येडी ठरवतेस! आणि दोघं मिळून दर रविवारी माझ्या डोक्यावर कीस पाडता, कुणाचा काळ चांगला! कुणाचाच नव्हता! चांगल्या होतो त्या आम्ही, हरल्यावर स्वतःला नावं ठेवणाऱ्या! लाज वाटत नाही का रे तुम्हाला?"

सुताराने हातातली पटाशी हळूच खाली ठेवली. वरून इस्त्रीवाला पायऱ्यांवर डोकावला, काकूंचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली परत फिरला.

चिंगीने पर्समधून स्वतःचा फोन काढला.

"उद्यापर्यंत नाही थांबत," ती म्हणाली. "साहेबांना आत्ता सांगते."

"काय सांगणार?" भट्टीकाका म्हणाले. ह्या खेपेला त्यांनी कुठल्याच बाजूने ओरडून पाहिलं नाही.

"सोडते म्हणून नाही सांगणार. मी सोडली तर उद्या दुसरं कुणीतरी बसेल आणि विहीर आवळेल. मी बसणार आणि सैल करणार. त्यांना नको असेल, तर त्यांनी काढावं."

तिने फोन लावला. भट्टीकाका शेजारी उभे राहिले, ओठ असे घट्ट मिटून की गालाचे स्नायू उडत होते. साहेबांचा आवाज फोनमधून माशीसारखा गुणगुणत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. चिंगी म्हणत होती, "नाही सर... नाही. आकडे मला माहीत आहेत, मीच काढलेत. ...ते नाही होणार माझ्याकडून. ...हो, विचार करून बोलतेय. ...नाही सर, चूक माझी नाहीये." हे शेवटचं वाक्य म्हणताना ती जरा अडखळली, आणि मग तेच पुन्हा, नीट म्हणाली.

तिने फोन ठेवला. सुतारानेच विचारलं, "काय म्हणाले?"

"उद्या सकाळी केबिनमध्ये या, म्हणाले. बहुतेक काढतील." तिची मान ताठ होती.

भट्टीकाकांच्या तोंडाचा बांध तिथे फुटला. "काढतील? काढून तर बघू देत! मी येतो उद्या! त्या गार हवेत जाऊन अशी भट्टी पेटवतो की—"

"तुम्ही नका येऊ, बाबा."

"का? ओरडायला माणूस नको तुला?"

"ओरडायचं मला येतं. आजच कळलं." तिने पर्स खांद्याला लावली. आईच्या हातातला फोन घेऊन ती विहीर स्वतः खेळून भरून द्यायला गेली, तर आईने तो मागे ओढला आणि सरळ बंद करून डब्याच्या पिशवीत टाकला. पायरीवर पाय ठेवून चिंगी मागे वळली. "आणि बाबा, तुमच्यावरचा राग गेलेला नाही हं. साहेबांचं आधी उरकते. तुमचं पुढच्या रविवारी येऊन काढते सगळं. सावकाश. बसून."

भट्टीकाका गुरगुरले, "ये. जेवायलाच ये. भांडण लांबेल."

ती डोकं सांभाळत पायऱ्या चढून गेली.